जुनी जड लक्झरी सेडान दरवर्षी टायर खाते : दोष कुठे शोधायचा

मुंबई, पुणे नाहीतर सुरतेहून मर्सिडीजची जुनी एस-क्लास, बीएमडब्ल्यूची सेव्हन सिरीज किंवा ऑडीची ए-एट स्वस्तात मिळते, म्हणून जळगाव-धुळ्याकडे अशा गाड्या आता बऱ्याच दिसतात. इंजिन ठणठणीत असतं, आतलं लेदरही शाबूत असतं, पण टायर टिकत नाहीत. नवे टाकले की पंधरा-वीस हजार किलोमीटरांत दोन्ही कडा उतरतात, साइडवॉलला फुगा येतो, नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि एप्रिल-मेच्या भर दुपारी महामार्गावर मागचा एखादा टायर फुटतो. मालक वैतागून कंपनी बदलतो. दुसऱ्या कंपनीचे टायरही त्याच वाटेने जातात.

यात टायर कंपनीचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा टायर मापाचा असतो, पण त्या गाडीच्या वजनाचा नसतो. नाहीतर वजनाचा असतो, पण ते वजन पेलण्याइतकी हवा त्यात नसते. या दोन गोष्टी आधी तपासा. बाकीची कारणं, म्हणजे अलाइनमेंट, सस्पेन्शन आणि रिम, त्यानंतर बघायची. उलट क्रमाने गेलात तर अलाइनमेंटवर तीन वेळा पैसे जातात आणि टायर तसाच झिजत राहतो.

काढलेला टायर आधी नीट बघा

जुने टायर दुकानातच टाकून येऊ नका. झीज कुठे झाली आहे ते बघा. दोन्ही कडा उतरल्या आणि मधला पट्टा शाबूत असेल, तर हवा कमी होती किंवा वजन जास्त होतं. मधला पट्टा उतरून कडा राहिल्या असतील, तर हवा जास्त भरली गेली. फक्त आतली कड गेली असेल तर कॅम्बर (चाकाचा उभा कल) किंवा टो (चाकाची आत-बाहेर वळलेली दिशा) बिघडलाय. हात फिरवल्यावर ठिकठिकाणी खळगे लागत असतील तर शॉक अब्सॉर्बर थकलेत किंवा बॅलन्सिंग गेलंय. ठोकळे एका दिशेने हात फिरवताना गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर टो.

आता टायर उजेडात धरा आणि आतून बघा. ही तपासणी फार कमी लोक करतात, पण सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. आत हात फिरवल्यावर बोटांना काळी भुकटी लागली आणि साइडवॉलच्या आतल्या अंगाला रिमला समांतर अशी सुरकुतलेली रेघ गोल फिरलेली दिसली, तर तो टायर वजनाखाली दबून चाललेला आहे. साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला वाजवीपेक्षा जास्त दुमडते, आतला थर तापतो, झिजतो आणि त्याची पूड होते. बाहेरून असा टायर चांगला दिसू शकतो. तो पंक्चर काढून पुन्हा बसवू नका, स्टेपनीलाही ठेवू नका. आतले दोरे कमकुवत झालेले असतात आणि पुढच्या वेळी हवा भरताना किंवा महामार्गावर साइडवॉल उभी फाटते.

भुकटी आणि रेघ चारही टायरांत दिसली, तर पंक्चरने हवा गेल्याचं निमित्त सांगता येणार नाही. सगळे टायर एकदम पंक्चर होत नाहीत. टायरची निवड किंवा हवेचा आकडा, यांतलं काहीतरी चुकलंय.

मापाच्या पुढचे आकडे

टायरवर लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ, २३५/६० आर १६ १०० डब्ल्यू. दुकानात सगळं बोलणं 'आर १६' पाशी संपतं. २३५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६० टक्के, आर म्हणजे रेडियल, १६ इंची रिम. इथवर टायर रिमवर बसेल की नाही एवढंच कळतं. गाडी पेलेल की नाही हे पुढच्या १०० मध्ये आहे. तो लोड इंडेक्स. शेवटचं डब्ल्यू हे वेगाचं अक्षर, त्याबद्दल पुढे. लोड इंडेक्सचा आकडा म्हणजे किलो नव्हेत, प्रत्येक आकड्यामागे ठरलेलं वजन आहे:

९१ म्हणजे ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०, ९५ म्हणजे ६९०, ९६ म्हणजे ७१०, ९८ म्हणजे ७५०, ९९ म्हणजे ७७५, १०० म्हणजे ८००, १०२ म्हणजे ८५०, १०३ म्हणजे ८७५.

हे वजन एका टायरचं, आणि तेही पूर्ण हवा असताना. पूर्ण हवा म्हणजे किती, ते खाली येईलच.

नव्वदीतल्या डब्ल्यू१४० एस-क्लासला आणि ई३८ सेव्हन सिरीजला (ही त्या त्या पिढीची कोड-नावं) कंपनीने दिलेलं १६ इंची माप २३५/६० आर १६ १०० डब्ल्यू. त्यानंतरच्या ई६५ सेव्हन सिरीजला १७ इंचात २४५/५५ आर १७ १०२ डब्ल्यू. दोन टनांच्या आसपासच्या गाड्या आहेत या. रिकाम्या असतानाच एवढ्या भरतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मात्र गाडीवरूनच घ्या. मर्सिडीजमध्ये पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला हवेचा तक्ता असतो, बीएमडब्ल्यूमध्ये ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर. स्टिकर उडालं असेल तर हँडबुक बघा. आधीच्या मालकाने बसवलेल्या टायरवरून माप घेऊ नका. चूक तिथेच झालेली असते आणि तीच पुढे चालू राहते.

'बसतो' आणि 'पेलतो' यातला फरक

आता नेहमीचा घोळ. २३५/६० आर १६ हे माप जळगावात तयार मिळत नाही. दुकानदार म्हणतो, "भाऊ, २१५/६५ आर १६ टाका, डस्टरचा आहे, उंचीही तीच येते." उंचीचं तो खरंच सांगतो. २३५/६० आर १६ चा व्यास साधारण ६८८ मिलिमीटर, २१५/६५ आर १६ चा ६८६. स्पीडोमीटरला फरक कळणारही नाही. साडेसात इंच रुंदीच्या रिमवर तो बसतोही, कारण त्या मापाला साडेसात इंच रुंदीपर्यंतची रिम चालते. पण डस्टरच्या त्या टायरचा लोड इंडेक्स ९८. म्हणजे टायरमागे ५० किलो कमी, एका एक्सलमागे १०० किलो कमी. शिवाय अक्षर डब्ल्यूऐवजी एच. डस्टर सेडानपेक्षा उंच दिसते, म्हणून टायरही दणकट असणार असं वाटतं. पण डस्टर त्या जुन्या एस-क्लासपेक्षा कित्येकशे किलोंनी हलकी आहे.

दुसरा नेहमीचा प्रकार इनोव्हाच्या टायरचा. जुन्या इनोव्हाचं २०५/६५ आर १५ हे माप खान्देशात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं, आणि डब्ल्यू२१० ई-क्लासलाही हेच माप येतं. इथे लोड इंडेक्स ९४ दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे वजनाची अडचण नाही. अडचण अक्षराची आहे. ई-क्लासला व्ही लागतो आणि इनोव्हाच्या टायरवर बरेचदा एस किंवा एच असतो. तेच ब्रेझा आणि कॅमरीचं. माप २१५/६० आर १६, लोड इंडेक्स ९५, पण ब्रेझाला एच आणि कॅमरीला व्ही. अशा वेळी त्याच मापात व्ही अक्षराचा टायर मागवून घ्या. तीन-चार दिवस थांबावं लागतं एवढंच.

तिसरा प्रकार शौकाचा. १६ किंवा १७ इंची रिम काढून १९-२० इंची लावायच्या, दिसायला गाडी भारी. रिम वाढली की साइडवॉल बुटकी होते, आतली हवेची जागा कमी होते आणि तेवढंच वजन पेलायला जास्त हवा लागते. आपल्याकडे गावागावाच्या फाट्यावर रंग न दिलेले गतिरोधक आहेत, पावसाळ्यानंतर राज्य रस्त्यांवर कडा तुटलेले खड्डे आहेत. दोन टनांची गाडी बुटक्या साइडवॉलवर खड्ड्यात आपटली की रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये रबर चिमटतं, आतले दोरे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी फुगा दिसतो. जळगाव-पाचोरा-चाळीसगाव असं रोजचं फिरणं असेल तर कंपनीने दिलेली सगळ्यात लहान रिम ठेवा. जाड साइडवॉल या गाड्यांना शोभतेही.

एक्सएल लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका

एकाच मापाचा टायर साधा आणि एक्सएल (एक्स्ट्रा लोड, म्हणजे जास्त वजनासाठी बनवलेला) असा दोन प्रकारांत मिळतो. २४५/४५ आर १८ घ्या. साधा ९६, म्हणजे ७१० किलो. एक्सएल १००, म्हणजे ८०० किलो. एक्सएल घेतला की नव्वद किलो जास्त मिळाले असं वाटतं. पण साध्या टायरचा आकडा ३६ पीएसआय हवेला धरलेला असतो आणि एक्सएलचा ४२ ला. एक्सएल टायरमध्ये ३६ च भरली तर तो साध्याएवढंच, साधारण सातशे किलो वजन पेलतो. जास्तीच्या पैशात साइडवॉल थोडी मजबूत मिळाली, वजन पेलण्यात काहीच मिळालं नाही.

म्हणून मूळ टायर एक्सएल असताना साधा बसवणं ही चूक, आणि एक्सएल बसवून हवा जुन्याच अंदाजाने भरणं ही त्याच जातीची चूक. दुसरी जास्त घडते, कारण पंपावरचा मुलगा कुठलीही कार दिसली की ३० किंवा ३२ वर मशीन लावतो. छोट्या हॅचबॅकला ते ठीक आहे.

आणि साइडवॉलवर 'मॅक्स प्रेशर' म्हणून ४४, ५० किंवा ५१ पीएसआय लिहिलेलं असतं, ते भरायचा आकडा नव्हे. ती वरची मर्यादा आहे. भरायचा आकडा गाडीच्या तक्त्यातला.

वजनकाट्यावर नेऊन खरं वजन काढा

तक्ता मिळत नसेल, मागे सीएनजीची टाकी बसवली असेल, किंवा सगळं बरोबर असूनही टायर दोन्ही कडांनी झिजत असतील, तर अंदाज सोडा आणि गाडी तोला. खान्देशात ही सोय चांगली आहे. सावदा, रावेर, फैजपूरकडे केळीच्या गाड्यांसाठी आणि जिनिंगच्या गावांत कापसासाठी ट्रकचे वजनकाटे आहेत. लहान वाहनाच्या वजनाला फार पैसे पडत नाहीत.

टाकी फुल करा. नेहमी जितकी माणसं आणि सामान घेऊन जाता तितकं सगळं गाडीत असू द्या, लग्नाला निघाल्यासारखं. पहिल्यांदा फक्त पुढची चाकं काट्याच्या प्लेटवर आणा, मागची बाहेर सपाट जमिनीवर. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, ब्रेक सोडलेला, आणि आकडा स्थिर झाल्यावर पावती. मग पूर्ण गाडी प्लेटवर. मग पुढची चाकं प्लेटवरून उतरवून फक्त मागची. पुढचा आणि मागचा आकडा मिळवला की पूर्ण वजनाच्या जवळ यायला हवा. मोठे काटे ५ किंवा १० किलोच्या पायरीने आकडा दाखवतात, त्यामुळे दहा-वीस किलोंचा फरक चालतो. पन्नासच्या वर फरक आला तर प्लेट आणि जमीन एका पातळीत नाहीत, दुसरा काटा बघा.

समजा रिकामी गाडी पुढे १०६० आणि मागे ९८० किलो भरली. पाच माणसं आणि बॅगा घेतल्यावर पुढे ११५०, मागे १२७०. बघा, वाढलेल्या ३८० किलोंपैकी २९० एकट्या मागच्या एक्सलवर गेले. मागचेच टायर का फुटतात त्याचं उत्तर इथे आहे. १२७० चे अर्धे ६३५. दोन्ही बाजूंना वजन कधीच सारखं नसतं, म्हणून पाच टक्के वाढवून ६६५ धरा. टायरच्या क्षमतेतले पंधरा टक्के तरी राखीव राहायला हवेत, म्हणजे टायर ७८० किलोंच्या वरचा पाहिजे. लोड इंडेक्स १०० आला.

आता याच गाडीला डस्टरचा ९८ वाला टायर लावा. कागदावर ७५० किलो, म्हणजे अजूनही ६६५ पेक्षा जास्त. पण पंपावर हवा ३० भरली गेली की त्याची पेलण्याची ताकद उतरून ६५० च्या आसपास येते. टायर क्षमतेपलीकडे गेला, तेही गाडीत नेहमीचीच माणसं असताना. १०० वाला टायर ३० पीएसआयवर सातशेच्या आसपास पेलतो, कसाबसा तरतो. मूळ मापाचा टायर लोकांच्या हवेच्या हलगर्जीपणातून वाचतो आणि बदली मापाचा वाचत नाही, ते यामुळे.

सीएनजीची मोठी टाकी, स्टँड आणि गॅस मिळून मागे सत्तर-ऐंशी किलो कायमचे वाढतात. म्हणजे डिकीत एक माणूस कायम बसलेला आहे असं धरून हिशोब करा.

हवा : कधी, किती

तक्त्यात दोन रांगा असतात, थोड्या माणसांसाठी एक आणि पूर्ण भारासाठी दुसरी. मागच्या टायरचा आकडा पूर्ण भारात बराच वाढतो. आपल्याकडे अशी मोठी गाडी घरचे सगळे मिळून जायलाच निघते, तेव्हा पूर्ण भाराची रांगच नेहमी वापरा. गाडी थोडी कडक चालेल, पण टायर वाचेल.

हवा थंड टायरची मोजायची. गाडी निदान तीन तास सावलीत उभी, किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आत चाललेली. तापमान साधारण ६ अंशांनी बदललं की हवा १ पीएसआयने बदलते. पहाटे २८ अंशांना ३६ भरलेला टायर दुपारी ४३ अंशांच्या उन्हात नुसता उभा राहूनही ३८-३९ दाखवतो. गाडी पळाली की आणखी चार-पाच चढतात. अशा वेळी पंपावर "हवा जास्त झालीय" म्हणून काढू देऊ नका. गरम टायरमधून काढलेली हवा दुसऱ्या दिवशी सकाळी कमी पडते, आणि मग भुकटी आणि रेघ सुरू होते. धुळ्याहून निघून सेंधव्याअलीकडचा बिजासन घाट किंवा कन्नड घाट चढून गेल्यावर चहाला थांबलात की टायर गरमच असणार, तिथे गेज लावून काही निष्पन्न होत नाही.

मोसमाचा फरक तर सगळेच विसरतात. मेच्या दुपारी बरोबर ३६ केलेली हवा जानेवारीत, जळगावचा पारा ८-१० अंशांवर असताना, पहाटे ३१ च्या खाली येते. पंक्चर नाही, गळती नाही, नुसता हवेचा गुण. म्हणून दिवाळीनंतर एकदा आणि होळीनंतर एकदा हवा नव्याने लावून घ्या, महिन्यातून एकदाची तपासणी आहेच.

स्वतःचा डिजिटल गेज घ्या. पंपावरच्या मशीनचा आकडा आणि खरी हवा यांत तीन-चार पीएसआयचा फरक सहज सापडतो. नायट्रोजनने यातलं काही बदलत नाही. तो कोरडा असतो आणि थोडा हळू झिरपतो एवढंच, तापल्यावर तोही फुगतोच. मोफत मिळत असेल तर भरा, पण त्याच्या भरवशावर महिन्याची तपासणी सोडू नका.

वेगाचं अक्षर उन्हासाठी बघायचं

एस म्हणजे १८० किमी, टी १९०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. "आपण कुठे २४० ने जातो?" असं सगळे म्हणतात. कुणी जात नाही, जाऊही नये. पण वरच्या अक्षराचा टायर ती चाचणी पास होतो, कारण त्याच्या पट्ट्यांवर नायलॉनचा जादा थर असतो आणि तो उष्णता जास्त सोसतो. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा डांबर त्याहून खूप जास्त तापलेलं असतं. सुरत-नागपूर महामार्गावर, म्हणजे जुन्या सहा आणि आताच्या ५३ क्रमांकाच्या रस्त्यावर, तासभर १०० ने धावणारी दोन टनांची गाडी टायरला सतत शिजवत असते. संभाजीनगरहून समृद्धीवर चढलात तर काँक्रीटवर १२० ची मर्यादा आणि वाटेत थांबायला फारशी ठिकाणं नाहीत. तिथे ही राखीव ताकद कामाला येते. कंपनीने डब्ल्यू दिला असेल तर व्हीच्या खाली कधीच उतरू नका, आणि शक्य तोवर डब्ल्यूच घ्या.

साइडवॉलवर 'टेंपरेचर' या शब्दापुढे ए, बी किंवा सी असतं. आपल्याकडे ए पाहिजे. तिथेच लिहिलेल्या ट्रेडवेअरच्या (झीज किती सोसेल त्याच्या) आकड्यावरून दोन कंपन्यांची तुलना करू नका, तो आकडा प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते.

मागवताना

केंद्र सरकारने जून २०२० मध्ये नव्या टायरांची आयात परवान्याच्या यादीत टाकली. जुन्या मोठ्या सेडानची मापं फार खपत नाहीत, त्यामुळे ती बाजारात तुटक-तुटक येतात आणि कधी कधी गोदामात तीन-चार वर्षं पडून असतात. पैसे पाठवण्याआधी चारही टायरांच्या साइडवॉलचे फोटो मागा. फोटोत चार गोष्टी दिसल्या पाहिजेत : पूर्ण माप, त्यापुढचा लोड इंडेक्स आणि अक्षर, आयएसआयचा शिक्का, आणि डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे, म्हणजे टायर कधी बनला ते. १८२४ म्हणजे २०२४ सालचा १८ वा आठवडा. पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असतो, म्हणून दुसऱ्या बाजूचा फोटोही लागतो. तीनच आकडे दिसले तर तो २००० सालाआधीचा टायर, हातही लावू नका.

वर्षभराच्या आतला उत्तम, दोन वर्षांपर्यंतचा चालतो. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर उतरवून तपासून घ्या. दहा वर्षांचा झाला की नक्षी कितीही शिल्लक असो, काढा. खान्देशच्या उन्हात अंगणात उभी राहणारी गाडी असेल तर सहा-सात वर्षांतच साइडवॉलवर केसासारख्या भेगा दिसतात. स्टेपनीचंही वय बघा. या गाड्यांत पंधरा वर्षांची मूळ स्टेपनी डिकीत नवी कोरी दिसते आणि पहिल्याच पंक्चरला दगा देते.

सेकंड हँड 'इम्पोर्टेड' टायर आणि नक्षी कोरून नवे केलेले टायर या वजनाच्या गाडीला अजिबात नकोत. कारच्या टायरमध्ये कोरण्याइतकं रबर नसतंच, खाली लगेच तारा लागतात. व्हॅनचा 'सी' अक्षराचा टायर मजबूत म्हणून कुणी सुचवेल, तोही नको. त्याला जास्त हवा लागते, पकड वेगळी असते आणि जुन्या सस्पेन्शनचे बुश आणखी लवकर जातात.

चारही एकदम परवडत नसतील तर एका एक्सलचे दोन घ्या, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, आणि नवे मागे लावा. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत मात्र चारही एकदमच बदला. झिजलेल्या आणि नव्या टायरचा घेर वेगळा असतो आणि तो फरक डिफरन्शियलला, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरला सोसावा लागतो.

नवे टायर चढवण्याआधी गाडीचं बघा

गाडी लिफ्टवर आहेच, तर लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड हलवून बघा. हवेवरचं सस्पेन्शन असलेल्या एस-क्लास आणि ए-एटमध्ये रात्री चारही कोपऱ्यांची फेंडरपासून चाकाच्या मध्यापर्यंतची उंची टेपने मोजा, सकाळी पुन्हा मोजा. एखादा कोपरा बसत असेल तर त्या चाकाचा कॅम्बर वाकडा होतो आणि आतली कड दहा हजारांत तारांपर्यंत जाते. बाहेरून टायर नवाच दिसत राहतो, म्हणून हा दोष फुटल्यावरच कळतो. आधी तो दुरुस्त, मग टायर, मग अलाइनमेंट. अलाइनमेंट करताना टाकी भरलेली आणि हवा तक्त्याप्रमाणे असू द्या.

रिमवर आतल्या बाजूला कोरलेलं 'मॅक्स लोड' वाचा. बाजारातल्या हलक्या रिमवर कधी कधी ६०० च्या घरातला आकडा असतो, मग टायर ८०० चा असून उपयोग नाही. रिम हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, घट्ट बसली पाहिजे. मर्सिडीजला पाच बोल्ट, ११२ ची पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये) आणि ६६.६ मिलिमीटरचं मधलं भोक. त्या काळच्या सेव्हन सिरीजला १२० ची पीसीडी आणि ७२.६ चं भोक. त्या काळच्या ए-एटलाही ११२ चीच पीसीडी, पण हब ५७.१ चा. मर्सिडीजची रिम ए-एटवर चढते, मात्र मध्ये फट राहते. तिथे योग्य रिंग नसेल तर कितीही बॅलन्सिंग करा, थरथर जात नाही. बोल्टही तपासा. मर्सिडीज आणि ऑडीच्या बोल्टची बैठक गोल, बीएमडब्ल्यूची शंकूसारखी. एकाचे बोल्ट दुसऱ्याला आवळले तर ते सैल होत जातात.

व्हॉल्व्ह नवे घाला. रिमची कड जिथे टायरला टेकते तिथे अ‍ॅल्युमिनियमला पांढरी बुरशीसारखी झीज आलेली असते, ती वायर ब्रशने साफ करून बीड सीलर (कडेची फट बंद करणारा लेप) लावायला सांगा. आठवड्याला दोन-तीन पीएसआय जात असतील आणि पंक्चर सापडत नसेल, तर बहुधा तिथूनच जातात.

बोल्ट शेवटी टॉर्क रेंचने, हँडबुकातल्या आकड्याला. एअर गनने ठोकलेले बोल्ट रस्त्यात पंक्चर झाल्यावर गाडीतल्या पान्याने निघत नाहीत.

बरोबर टायर टाकूनही तक्रार राहिली तर

थरथर ८० ते ११० च्या वेगातच येते, त्याहून वेग वाढला की थांबते : रिमला चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं उडालेली असतात. उन्हाने गोंद सुटतो, आणि रिम पुसून न लावल्यास महिनाभरात पडतात. रिम थिनरने पुसून पुन्हा बॅलन्सिंग करा. तरी राहिली तर रिम फिरवून तिचा झोक बघा.

हवा हळूहळू एकाच चाकातून जाते : आपल्याकडे बहुधा वेड्या बाभळीचा काटा. बाहेरून तुटलेला असतो, आत टोक राहतं आणि चालताना भोक उघड-झाक करतं. पाण्याच्या हौदात बुडवून हवा ४० पर्यंत चढवली की बुडबुडा दिसतो. काटा नक्षीच्या मधल्या भागात असेल आणि भोक ६ मिलिमीटरच्या आत असेल, तरच दुरुस्ती करा, तीही टायर उतरवून आतून, मशरूमच्या आकाराच्या पॅचने. बाहेरून खुपसलेली दोरी घरी पोचण्यापुरती. खांद्याला किंवा साइडवॉलला काटा गेला असेल तर टायर बदलायचा. या वजनाच्या गाडीत त्याला दुरुस्ती नाही.

ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते : टायर पुढे उजवा-डावा अदलाबदल करून बघा, दिशेची खूण असलेले टायर असतील तर तसं करता येत नाही. ओढ बाजू बदलली तर टायर, नाही बदलली तर कॅलिपर.

नक्षीच्या खाचेत ठरावीक अंतरावर १.६ मिलिमीटर उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात. रबर त्यांच्या पातळीला आलं की टायर कायद्यानेही संपला. पण पावसाळ्यात जड गाडीला ३ मिलिमीटरच्या खाली वापरू नका. धुळे-चाळीसगावकडच्या शेतरस्त्यांवरून काळ्या मातीचा चिखल महामार्गावर येतो, पहिल्या पावसात तो साबणासारखा निसरडा होतो आणि उथळ खाचा त्याला बाहेर फेकू शकत नाहीत.

नवे टायर लावल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरांनी बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि वळणं टाळा, कारण नव्या रबरावर साच्याचा गुळगुळीत थर असतो. आठ-दहा हजारांनी पुढचे-मागचे अदलाबदल करा, मापं एकसारखी असतील तरच. त्या दिवशी चारही टायरांची आतली कड टॉर्च लावून बघा आणि खाचेची खोली आत, मध्ये, बाहेर अशी तीन ठिकाणी मोजून वहीत लिहून ठेवा. तिन्ही आकड्यांत एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडू लागला तर पुढच्या लांबच्या प्रवासाआधी गाडी अलाइनमेंटला न्या.